तेवीस नंबरच्या वाफ्यातलं चांदीचं नाणं

नियम सतरा माझ्याच हातचा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला ते ऐकवायला नको. आमच्या वेक्सहोम गावात लोकांना भाड्याने दिलेल्या भाजीच्या वाफ्यांचं एक मंडळ आहे. त्याच्या नियमावलीत एकतीस नियम आहेत आणि त्यांतले सव्वीस मी लिहिलेले आहेत. नोकरीत असताना मी लिंकनशरमधल्या एका कचेरीत तीस वर्षं परिपत्रकं काढली. निवृत्त झालं म्हणून माणसाचा हात असा एकाएकी थांबत नाही. मंडळाचं सचिवपद रिकामं होतं, कारण ते कोणालाच नको होतं. मी ते घेतलं आणि अकरा वर्षांत गावाला शिस्त म्हणजे काय ते कळलं. निदान माझी तशी समजूत होती.

नियम सतरा असा: 'आवारात मेटल डिटेक्टर आणण्यास सक्त मनाई आहे.' दिसायला हा सर्वांसाठी असला तरी खरं म्हणजे तो एकट्या डोरीन ब्लँचर्ड या बाईंसाठी होता. डोरीनबाई शाळेच्या भटारखान्यातून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी कानाला हेडफोन लावून, हातात ते लांब दांड्याचं यंत्र घेऊन शेतात उतरल्या. आता वय चौऱ्याहत्तर. शेतकऱ्याची रीतसर परवानगी घ्यायच्या, खड्डा खणला की बुजवायच्या, सापडलेली प्रत्येक वस्तू सरकारी नोंदीला द्यायच्या. दोष काढायला जागा नाही, म्हणूनच मला त्यांचा राग यायचा. आमचे वाफे जुन्या मठाच्या पडक्या भिंतीला लागून आहेत, आणि बाईंचा त्यांच्यावर डोळा होता. मी बटाट्यांच्या हिताचा विचार करून नियम केला.

तर गेल्या जानेवारीत गावच्या सभागृहात डोरीनबाईंचं व्याख्यान झालं. विषय, मातीत पुरलेल्या नाण्यांचं काय होतं. बाईंनी मोजक्या शब्दांत सांगितलं, की सोनं जसं जातं तसंच वर येतं. चांदी काळवंडते. तांबं हिरवं पडतं. आणि हल्लीची पेनी, जिच्या पोटात लोखंड आणि अंगावर तांब्याचा नुसता मुलामा असतो, ती फुगते, फुटते आणि तिचा भुगा होतो. रोमन नाणी सतराशे वर्षं मातीत सुखाने पडून होती, पण गेल्या पन्नास वर्षांतल्या खतांनी त्यांची चेहरेपट्टी खाऊन टाकली. इथवर ठीक होतं. मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि हॉवर्डच्या कंपोस्टात पुरलंत, तर राणीचं नाकसुद्धा वर्षभर टिकायचं नाही."

चाळीस माणसं हसली. माझी बायको रॉझही हसली. हे कंपोस्ट मंडळाला फुकट मिळावं म्हणून मी दोन वर्षं पत्रव्यवहार केला होता. शहरातल्या बागांचा पालापाचोळा कुजवून केलेलं उत्तम काळं खत, ट्रकच्या ट्रक, एक पैसा न देता. त्यात अधूनमधून चॉकलेटच्या चांद्या आणि पत्र्याचे तुकडे निघायचे, हे खरं. पण कृतज्ञता म्हणून काही चीज असते की नाही? मी उभा राहिलो आणि जाहीर केलं, की माझ्या तेवीस नंबरच्या वाफ्यात मी त्याच कंपोस्टात बारा नाणी पुरीन आणि पुढच्या वार्षिक सभेत ती सर्वांसमोर मांडीन. विज्ञान काय ते बोलेल.

दुसऱ्या दिवशी मी बारा नाणी गोळा केली. नव्या पेन्या, जुन्या पेन्या, वेगवेगळ्या धातूंची. चांदीचं मात्र एकही मिळेना. स्वयंपाकघरातल्या फडताळात वरच्या कप्प्यावर मोहरीच्या पुडीचा एक जुना पिवळा डबा होता. त्यात कापसात गुंडाळलेलं एक चिमुकलं काळपट नाणं सापडलं, तीन पेन्सांचं, व्हिक्टोरिया राणीच्या म्हातारपणचं. कापसाच्या दुसऱ्या पुडीत एक खडा होता. तो मी परत ठेवला. घरात कोणाच्या उपयोगी न पडणारी वस्तू विज्ञानाच्या कामी येते आहे, याचं मला समाधानच वाटलं.

प्रत्येक नाण्याजवळ नंबर घातलेली काडी रोवली, वाफ्याचा नकाशा काढला, आणि काडीशिवाय नकाशाला अर्थ नाही हे मात्र ध्यानात आलं नाही. एप्रिलमध्ये मी आठवडाभर बहिणीकडे गेलो होतो. माझा वाफा उघडा पडलेला बघून शेजारच्या बर्नार्ड स्क्रिव्हनला माझी दया आली. बर्नार्ड आमचा अध्यक्ष. मनाने इतका चांगला, की त्याच्यापासून सांभाळून राहावं लागतं. त्याने 'कचऱ्याच्या काड्या' उपटून टाकल्या आणि माझ्या वाफ्यात दोनदा आडवा, एकदा उभा असा माती उलथणारा रोटाव्हेटर फिरवला. वर एक ट्रॉली कंपोस्ट घातलं. मी परत आलो तेव्हा तो आभारांची वाट बघत उभा होता, आणि मला ते मानावे लागले.

तरी मी घाबरलो नाही. बारा क्षुल्लक नाणी गेली तर गेली. प्रयोग फसला असं सभेत सांगायचं नाही, तो 'दीर्घ मुदतीचा' आहे असं सांगायचं, हे कचेरीत शिकलेलं शहाणपण माझ्यापाशी होतं.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी रॉझ स्टुलावर चढून फडताळात काहीतरी शोधत होती. नाताळच्या पुडिंगचं सामान तिने जमवायला घेतलं होतं. नाताळच्या आधी चार आठवडे ॲडव्हेंटचं पर्व असतं, त्याच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे पुडिंग ढवळतात. घरातल्या प्रत्येकाने पूर्वेकडून पश्चिमेकडे एकदा पळी फिरवायची, मनात एक इच्छा धरायची, आणि शेवटी त्यात चांदीचं नाणं टाकायचं. नाताळच्या दिवशी ते ज्याच्या वाटणीत निघेल त्याचं वर्ष चांगलं जातं. अडतीस वर्षं मी ते पुडिंग खात होतो. नाणं माझ्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं. आणि एक नाताळ ते दुसरा नाताळ हे नाणं राहतं कुठे, हा प्रश्न मला अडतीस वर्षांत एकदाही पडला नव्हता.

"मोहरीच्या डब्यातलं नाणं तू पाहिलंस का रे?" रॉझने विचारलं.

मी म्हणालो, "कुठलं नाणं?" माझ्या आयुष्यात मी इतकं वाईट वाक्य दुसरं बोललेलो नाही.

रॉझ स्टुलावरून उतरली आणि खुर्चीवर बसली. तिची आई मार्चमध्ये गेली होती. नाणं सासूबाईंच्या आईचं. दरवर्षी सासूबाई ते स्वतःच्या हाताने पुडिंगमध्ये टाकायच्या, दुसऱ्या कोणाला टाकू द्यायच्या नाहीत. "या वर्षी आई नाही," रॉझ म्हणाली, "निदान तिचं नाणं तरी असावं, एवढंच मला हवं होतं." मग ती उठून पुन्हा सगळे डबे उघडायला लागली.

त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की भर सभेत तू हसलीस म्हणून तुझ्या आजीचं नाणं मी खतात पुरलं? मी मनाशी निश्चय केला, की ढवळायच्या रविवारच्या आत ते नाणं डब्यात परत जाईल. एकदा निश्चय केला की मी मागे हटत नाही. आमच्या घरातल्या बहुतेक संकटांचं मूळ तेच आहे.

प्रथम बर्नार्डचा सल्ला घेतला, कारण तो टाळता आला नाही. तो म्हणाला, चुंबक बांध दोरीला. दोन दिवस मी वाफ्यात चुंबक ओढत फिरलो. सत्तेचाळीस खिळे, एक बिजागरी आणि भाजलेल्या बिस्किटासारख्या फुगलेल्या तीन नव्या पेन्या मिळाल्या. चांदी चुंबकाला चिकटत नाही, हे बर्नार्डला तिसऱ्या दिवशी आठवलं. मग तो म्हणाला, चाळणी लाव. चाळणीत ओल्या मातीचे लाडू झाले. मग म्हणाला, बाजारात तसलंच दुसरं मिळतं, ते आण आणि गप्प बस. हा सल्ला मात्र मी गंभीरपणे घेतला असता. अडचण एकच होती. दर नाताळला जेवताना एक गोष्ट सांगितली जायची, की रॉझच्या आजोबांनी पुडिंग खाताना हेच नाणं करकचून चावलं, त्यांचा अर्धा दात गेला आणि राणीच्या गालाला खळी पडली. तशी खळी बाजारात कुठून आणणार?

म्हणजे डिटेक्टर हवा. म्हणजे नियम सतरा.

त्यात मी सवलतीचं एक पोटकलम ठेवलं होतं. अर्जदाराने सचिवाकडे लेखी अर्ज करावा, कारण नमूद करावं, आणि अर्ज चौदा दिवस फाटकावरच्या फलकावर लावावा. मी सचिवाकडे, म्हणजे माझ्याकडे, अर्ज केला. कारण मोघम होतं, म्हणून सचिवाने तो एकदा परत पाठवला. दुसऱ्यांदा मी 'वैज्ञानिक प्रयोगाच्या पूर्ततेसाठी' असं लिहिलं आणि तो मंजूर झाला. हे सगळं लोकांना हास्यास्पद वाटेल, पण नियम स्वतःसाठी वाकवणारा माणूस मी नव्हे. दोन आठवडे अख्खं गाव फलकासमोर उभं राहून तो अर्ज मोठ्याने वाचत होतं.

पंधराव्या दिवशी सकाळी मी डोरीनबाईंच्या दारात उभा राहिलो. त्यांनी मला आत बोलावलं नाही. दारातच सगळं ऐकून घेतलं, खरं कारणसुद्धा. त्यांच्यापुढे खोटं बोलवेना.

"रॉझला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"राजा, तू नाणी पुरण्यात पटाईत आहेस आणि बाकी कशात नाहीस," त्या म्हणाल्या आणि बूट चढवायला बसल्या.

वाफ्यावर यंत्र सुरू केलं आणि ते जे किंचाळायला लागलं ते थांबेचना. पावला-पावलाला आवाज. खणलं की चॉकलेटची चांदी. खणलं की डब्याच्या पत्र्याची चकती. पडद्याचे आकडे, फुटलेली बॅटरी, पुन्हा चांदी. हे सगळं माझ्या फुकटच्या कंपोस्टातून आलेलं. डोरीनबाईंनी प्रत्येक तुकडा फक्त माझ्या हातावर ठेवला, आणि दुपारपर्यंत माझे दोन्ही खिसे भरले. माझी नाणीही निघत होती. जुन्या पेन्या हिरव्या-काळ्या, खरबरीत, दहा महिन्यांत दोनशे वर्षांच्या दिसायला लागलेल्या. राणीचं नाक खरंच गेलं होतं. बारांतली अकरा मिळाली, आणि तीन पेन्सांचं काही मिळेना.

तेवढ्यात बर्नार्डच्या रोटाव्हेटरने खोलवर उलथलेल्या कोपऱ्यात एक पातळसा कपटा निघाला. चांदीच असणार, चॉकलेटची, म्हणून मी तो बादलीत टाकला. डोरीनबाईंनी बादलीत हात घातला, कपटा तळव्यावर घेतला आणि मातीतच बसल्या. त्यावर वेड्यावाकड्या केसांचा एक राजा होता आणि मागे मोठा क्रूस. हातोड्याने ठोकून पाडलेलं, सातशे वर्षांचं नाणं. त्याशेजारी दुसरं. त्याखाली नाण्यांचा एक हिरवट गोळाच, एकमेकांना चिकटलेला.

"हात लावू नकोस," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "आता थांबायचं. झाकायचं. कळवायचं."

"पण आमचं नाणं खालीच आहे."

"असू दे. आता इथे चमचासुद्धा घालायचा नाही."

आमच्याकडे गाडलेलं धन सापडलं की ते संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. हे काम त्यालाच का दिलं ते मला ठाऊक नाही, पण त्या आठवड्यात माझी अवस्था पाहता ते योग्यच होतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर फिलिपा स्लीट नावाच्या उत्खनन करणाऱ्या बाई दोन माणसं आणि पट्ट्यांचं रीळ घेऊन आल्या, आणि माझ्या वाफ्याला चारी बाजूंनी पट्टी बांधली गेली. अकरा वर्षं ज्या वाफ्याची मी मशागत केली, त्यात मला पाऊल टाकायला बंदी. त्या लोकांची कामाची रीत अशी, की करणीने कागदाच्या जाडीएवढी माती खरवडायची, थांबायचं, फोटो काढायचा, लिहायचं, मग चहा प्यायचा. रविवारला बारा दिवस उरले होते.

मी बादल्या उचलायचं काम मागून घेतलं. रोज सकाळी आठला हजर. रोज संध्याकाळी विचारायचो, "व्हिक्टोरिया राणीच्या वेळचं काही?" चौथ्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला त्या राणीवरचं एक जाडजूड पुस्तक वाचायला आणून दिलं. इतका रस घेणारा माणूस त्यांना प्रथमच भेटत होता. इकडे घरी रॉझने फडताळं संपवून गाद्यांच्या शिवणी उसवायला घेतल्या होत्या. मला रात्री जेवण जात नव्हतं. मठाचं धन सापडलं म्हणून गाव माझं अभिनंदन करत होतं आणि मला लाज वाटत होती.

शुक्रवारी दुपारी ते निघालं. शेवटच्या बादलीआधीच्या बादलीत. सगळं काळं पडलेलं, पण राणी शाबूत, आणि गालाला खळी. मी हात पुढे केला, आणि डॉक्टरबाईंनी ते एका पिशवीत टाकून वर नंबर घातला.

"ते माझं आहे," मी म्हणालो.

"मिस्टर टिंडल, तुमच्या मंडळाचा नियम नऊ सांगतो, की मातीत सापडलेली प्रत्येक वस्तू मंडळाची." त्यांच्या फायलीत आमची नियमावली होती. "सोमवारी हे सगळं संग्रहालयात जाईल. खऱ्या मालकाने येऊन ओळख पटवली, तर गोष्ट वेगळी."

नियम नऊ कोणी लिहिला, हे विचारू नका. खरी मालकीण कोण, तेही सांगायला नको.

शनिवारी सकाळी न्याहारीच्या टेबलावर मी सगळं सांगितलं. व्याख्यानापासून पिशवीपर्यंत, काहीही न गाळता. रॉझच्या हातातला टोस्ट गार झाला.

"माझ्या आईचं नाणं तू खतात पुरलंस," ती म्हणाली.

"प्रयोगासाठी."

"कोणाला हरवायला? डोरीनला?"

"हो."

"आणि हरवलंस?"

"नाही."

ती उठली, कोट घातला, फडताळातून मोहरीचा डबा काढला आणि चालायला लागली. मी मागून. अडतीस वर्षांत आमची भांडणं पुष्कळ झाली, पण तिला माझ्याशी बोलावंसंच वाटू नये असं पूर्वी कधी झालं नव्हतं, आणि ते मला सहन होत नव्हतं.

वाफ्यावर डॉक्टरबाई होत्या, बर्नार्ड होता, आणि डोरीनबाईही आल्या होत्या. रॉझने डबा उघडला, कापसाची दुसरी पुडी सोडवली आणि तो खडा डॉक्टरबाईंच्या तळव्यावर ठेवला. "माझ्या आजोबांचा दात आहे," ती म्हणाली. "लावून बघा."

डॉक्टरबाईंनी भिंग डोळ्याला लावलं. दाताची धार राणीच्या गालावर टेकवली. ती खळीत नेमकी बसली, जराही फट राहिली नाही. बर्नार्डने टोपी काढली. डॉक्टरबाई म्हणाल्या, की वीस वर्षांच्या नोकरीत इतका पक्का पुरावा त्यांना कोणी दिला नव्हता. मंडळाच्या वतीने अध्यक्षांनी सही केली. सही करताना बर्नार्ड माझी नजर चुकवत होता, कारण रोटाव्हेटर कोणी फिरवला हे तोवर त्याच्या ध्यानात आलं होतं.

मी खिशातून नियमावली काढली आणि नियम सतरा सर्वांसमोर खोडला. डोरीनबाईंची माफी मागितली, कंपोस्टाबद्दलही. त्या फक्त म्हणाल्या, "बरं झालं राजा," आणि मला एक मिंटची गोळी दिली.

रविवारी पुडिंग ढवळलं. काळं पडलेलं नाणं सोड्याने चकचकीत करून देऊ का, असं मी विचारलं, तेव्हा रॉझने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला. तिने ते तीनदा उकळून घेतलं. सगळ्यांची पळी फिरवून झाली. नाणं टाकायची वेळ आली तेव्हा ती थोडा वेळ ते हातात धरून उभी राहिली. मग माझा हात ओढला आणि नाणं माझ्या तळव्यावर ठेवलं. "तू टाक," ती म्हणाली. "आणि ते कुठून आलं आणि परत कुठे जातं, ते आता विसरू नकोस." मी ते टाकलं. माझे डोळे भरून आले होते आणि ते मी नाणं उकळलेल्या पाण्याच्या वाफेवर ढकललं.

नाताळच्या दिवशी आम्ही सगळे टेबलाशी बसलो होतो, डोरीनबाईसुद्धा. रॉझने पुडिंग कापून वाढलं. अडतीस वर्षं मी सावकाश, जपून खात आलो आणि काही मिळालं नाही. या वर्षी मी ठरवलंच होतं, की यंदा खायचं ते जोमाने. तिसऱ्या घासाला कडकन आवाज आला.

आधी मी तोंडातून राणी काढली. मग उजवीकडच्या दाढेचा तुकडा. नोव्हेंबरपासून प्रथमच रॉझ हसायला लागली, आणि तिचं हसू थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं तरी ती हसतच होती. मग तिने माझ्या बशीतला तो तुकडा उचलला, धुतला, कापसात गुंडाळला, आणि मोहरीच्या डब्यात आजोबांच्या शेजारी ठेवून दिला.